व्याण्याच्या आगेमागे रक्ततपासणी : आकडा वाचण्याआधी तारीख वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठ्यात साठेक गायी. मागच्या वर्षी व्यायल्यावर पहिल्या महिन्यातच वार अडकणं, ताप, कासदाह, एकीचं चौथं पोट (गाईच्या पोटाचा शेवटचा कप्पा) जागेवरून सरकणं असं एकामागून एक झालं. म्हणून यंदा व्यायच्या आगेमागे असलेल्या अकरा गायींचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्टमध्ये तिघींच्या आकड्यांवर लाल खूण आली: १७ नंबरचं कॅल्शियम ७.६ मिलिग्रॅम, ४२ नंबरचं बीएचबी (रक्तातला एक कीटोन) १.७ मिलिमोल आणि व्यायला टेकलेल्या ८ नंबरचं नेफा (चरबीतून रक्तात सुटलेली मेदाम्लं) ०.६२ मिलिमोल. या तिघी आजारी पडणार का, त्यांना आता काय द्यायचं, आणि बाकीच्या आठ जणी सुटल्या असं समजायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, आठ जणी सुटल्या असं समजू नका. तुमच्याच यादीत त्या आठपैकी पाच गायींना व्यायल्याला वीस ते तीस दिवस झाले होते. ज्या दिवसांत रक्त काहीतरी सांगतं ते दिवस त्यांच्या बाबतीत केव्हाच निघून गेले. त्यांचे आकडे चांगले आले याचा अर्थ एवढाच की आज त्या सावरलेल्या आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांचं काय झालं ते या रिपोर्टवरून कळणार नाही. पुढे जे लिहितोय त्याचा गाभा हाच आहे: व्याण्याच्या आगेमागे रक्तातला कोणताही आकडा दिवसाशी जोडूनच वाचायचा. तारखेशिवायचा आकडा निरुपयोगी, आणि कधीकधी तर चुकीच्या औषधाकडे नेणारा.

आधी गायीच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघू, म्हणजे आकडे कुठून येतात ते लक्षात येईल. एक लिटर दूध तयार करायला कासेला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. गाय २५ लिटरला आली की नुसत्या दुधासाठी रोजचं पावणेदोन किलोच्या वर ग्लुकोज झालं. आणि गाईला खाण्यातून आयतं ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही; कोठीपोटातले (पहिल्या, सर्वात मोठ्या पोटातले) जंतू ते आधीच आंबवून टाकतात. त्या आंबवणातून निघणाऱ्या प्रोपिओनेट नावाच्या आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. म्हणजे सगळा खेळ गाय किती खाते यावर. आणि नेमकी व्यायच्या शेवटच्या आठवड्यात तिची भूक उतरते, कधीकधी एक तृतीयांशाने. मागणी चढत असते आणि आवक घटत असते. मधली तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते.

चरबी विरघळली की तिच्यातली मेदाम्लं रक्तात येतात, ती म्हणजे नेफा. ही मेदाम्लं यकृतात गेली की तीन वाटा असतात: पूर्ण जाळून ऊर्जा करायची, अर्धवट जाळून कीटोन करायचे, किंवा पुन्हा चरबी बांधून रक्तावाटे बाहेर पाठवायची. गाईचं यकृत या तिसऱ्या कामात फार कच्चं आहे. आवक जास्त झाली की चरबी यकृतातच साचत जाते आणि कीटोन रक्तात वाढतात. त्यातला मुख्य म्हणजे बीएचबी. म्हणून नेफा सांगतं चरबी किती उपसली जातेय, आणि बीएचबी सांगतं यकृताला ती किती झेपतेय. दोन्ही आकडे एकाच गोष्टीबद्दल असले तरी एकाच्या जागी दुसरा वापरता येत नाही.

कॅल्शियमची गोष्ट निराळी, पण वेळ तीच. एक किलो चिकात सुमारे २.३ ग्रॅम कॅल्शियम असतं. पहिल्या धारेला दहा किलो चीक निघाला तर २३ ग्रॅम गेलं, आणि गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम तीन ग्रॅम असतं. बाकीचं हाडांतून आणि आतड्यांतून घाईने आणावं लागतं. ही यंत्रणा सुरू व्हायला एक-दोन दिवस लागतात. पहिलारू कालवडीची हाडं अजून वाढत असतात, त्यामुळे तिला ते जमतं. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीला जड जातं. कॅल्शियम कमी पडलं की फक्त पाय लटपटतात असं नाही. कोठीपोटाची हालचाल मंदावते, गर्भाशय नीट आकसत नाही, धार काढल्यावर सडाचं तोंड लवकर मिटत नाही, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही अर्धवट काम करतात. वार अडकणं, गर्भाशयदाह, कासदाह, चौथं पोट सरकणं हे सगळं एकाच गोठ्यात एकाच वर्षी का येतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता आकडे. नेफा व्यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत बघायचं. ०.३ मिलिमोलच्या वर गेलं की पुढच्या आजारांची शक्यता वाढलेली दिसते, ०.५ च्या वर चौथं पोट सरकण्याचा धोका ठळक होतो. व्यायल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ते थोडं चढणारच, तिथे ०.६ ते ०.७ पर्यंत चालतं. पण व्यायच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि व्यायचा दिवस हे वगळा. त्या दिवसांत कळा, ताण, न खाणं यामुळे निरोगी गायीचंही नेफा उसळतं.

बीएचबी व्यायल्यानंतरच उपयोगाचं, तिसऱ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत. १.२ मिलिमोल ही सर्वमान्य रेघ. त्याच्या वर लक्षणाविना किटोसिस (कीटोन वाढल्याचा आजार) धरतात, आणि ३ च्या आसपास किंवा वर गेलं की बहुधा गाय दिसायलाही आजारी असते: खुराक सोडते, चारा तेवढा चिवडते, तोंडाला गोडसर वास. मोठ्या पाहणीत सर्वात जास्त गायी पाचव्या दिवसाच्या सुमाराला रेघेवर जाताना आढळल्या आहेत. आणि ही गोष्ट गोठेवाल्यांना मी आवर्जून सांगतो: चौथ्या दिवशी १.४ आलेली गाय आणि बाराव्या दिवशी १.४ आलेली गाय सारख्या नाहीत. पहिल्या आठवड्यातच वर गेलेल्या गायींमध्ये चौथं पोट सरकणं आणि दूध मार खाणं कितीतरी जास्त दिसतं. दुसऱ्या आठवड्यात हळूहळू वर आलेली गाय बऱ्याचदा नुसती जास्त दूध देतेय म्हणून वर आलेली असते.

कॅल्शियमच्या बाबतीत तर तारखेने सगळा अर्थच उलटतो. २०२० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मॅकआर्ट आणि त्यांचे सहकारी नेव्हिस यांनी गायींचं कॅल्शियम पहिल्या आणि चौथ्या दिवशी मोजून चार गट पाडले. दोन्ही दिवशी चांगलं, पहिल्या दिवशी कमी पण चौथ्या दिवशी सावरलेलं, दोन्ही दिवशी कमी, आणि पहिल्या दिवशी चांगलं पण चौथ्या दिवशी घसरलेलं. सर्वात जास्त दूध कोणी दिलं? पहिल्या दिवशी कमी पडून चौथ्यापर्यंत सावरलेल्या गायींनी. भरपूर चीक उतरला, कॅल्शियम खाली गेलं, शरीराने ओढून आणलं. त्रास दिसला तो चौथ्या दिवशीही खाली असलेल्या गायींत. त्यात पहिल्या दिवशी अगदी सुरेख आकडा आलेल्या गायीही होत्या. मी स्वतः अनेक वर्षं पहिल्या दिवसाच्या ८ खालच्या आकड्याला घाबरून उभ्या गायींना शिरेतून कॅल्शियम देत आलो. आज देत नाही. शिरेतून एकदम दिलं की रक्तातलं कॅल्शियम वाजवीपेक्षा वर जातं, शरीर आपली ओढून आणायची यंत्रणा थांबवतं, आणि काही तासांनी आकडा पुन्हा खाली येतो. शिरेतलं कॅल्शियम बसलेल्या, थंड पडलेल्या, मान वळवून पडलेल्या गायीसाठी. तिथे मात्र क्षणाचाही उशीर नको, आणि ते डॉक्टरनेच हृदयावर कान ठेवून सावकाश द्यायचं.

रिपोर्ट वाचताना एककांकडे बघा, याने फार घोटाळे होतात. कॅल्शियम मिलिमोलमध्ये असेल तर चारने गुणा म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळेल: २ म्हणजे ८. बीएचबीचा १.२ मिलिमोल म्हणजे साधारण १२.५ मिलिग्रॅम. आणि काही यंत्रं एकूण कॅल्शियम न देता आयनित कॅल्शियम देतात, जे एकूणच्या निम्म्याच्या आसपास असतं. आयनित १.१५ मिलिमोल हा निकोप गायीचा आकडा. तोच एकूण कॅल्शियम म्हणून वाचला तर गाय आडवी पडलेली असायला हवी.

याहून मोठे घोटाळे रक्त काढतानाच होतात. एक प्रसंग सांगतो. एका गोठ्यातून रिपोर्ट आला: चार गायींचं कॅल्शियम १ मिलिग्रॅमच्या आतबाहेर, पोटॅशियम गगनाला भिडलेलं. मालक घाबरून फोनवर. मी पोचलो तर चारही गायी गव्हाणीत तोंड घालून वैरण खात होत्या, एक तर मला ढकलून पलीकडची वैरण ओढत होती. कचऱ्याच्या डब्यात जांभळ्या टोपणाच्या नळ्या पडल्या होत्या. त्या नळीत पोटॅशियम ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं म्हणूनच तर रक्त गोठत नाही, आणि पोटॅशियम त्या औषधाचंच मोजलं गेलं. कॅल्शियम, नेफा, बीएचबी यासाठी लाल टोपणाची साधी नळी वापरा. रक्त गोठू द्या, सीरम लवकर वेगळं करून गारव्यात ठेवा. ग्लुकोज हवंच असेल तर फ्लोराईडची, राखाडी टोपणाची नळी, नाहीतर नळीतल्या पेशी वाटेतच ग्लुकोज खाऊन टाकतात.

रक्त शेपटीखालून घ्या. शेपूट बुंध्याजवळ धरून सरळ वर उचला, खालच्या बाजूला मधोमध बोट फिरवलं की दोन मणक्यांमध्ये खाच लागते. तिथे सुई काटकोनात, अर्धा इंच, आणि हलकेच दट्ट्या ओढायचा. गाय शांत राहते. कासेच्या पुढची पोटाखालची शीर बोटाएवढी फुगलेली दिसते म्हणून तिथून काढायचा मोह होतो, पण ते रक्त कासेतून येतं आणि कास बीएचबी वापरते. तिथलं बीएचबी खोटं कमी येतं, आणि किटोसिस असलेली गाय ठणठणीत म्हणून निघून जाते. शिवाय त्या शिरेत रक्त साकळून गाठ झाली तर निस्तरायला जड जातं.

वेळही पाळायची. नेफासाठी सकाळचा नवा चारा टाकण्याआधी, कारण उपाशीपोटी ते सर्वात वर असतं. बीएचबीसाठी चारा टाकल्यावर चार-पाच तासांनी, कारण कोठीपोटातल्या ब्युटिरेटमुळे ते खाल्ल्यानंतर चढतं. कोणतीही वेळ निवडा, पण दर खेपेला तीच ठेवा. गाय पळवून, दोर आवळून, दहा मिनिटं झटापट करून काढलेल्या रक्तातलं नेफा ताणानेच वाढतं.

बीएचबीसाठी प्रयोगशाळेची गरजही नाही. माणसांच्या मधुमेहासाठी असलेलं कीटोन मोजणारं हातातलं यंत्र गायीच्या रक्तावर चांगलं चालतं. एक थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा, दहा सेकंदांत आकडा. मात्र पट्टी कीटोनचीच हवी. त्याच यंत्राच्या ग्लुकोजच्या पट्टीवर गायीच्या बाबतीत मी विसंबत नाही. पट्ट्या कडक थंडीत किंवा उन्हात ठेवू नका, आकडा सरकतो. दुधात भुकटी टाकून जांभळा रंग बघायची रोथेराची परीक्षा उघड किटोसिसला पुरते, लक्षणाविना किटोसिसच्या बऱ्याच गायी तिच्यातून निसटतात. लघवीच्या पट्टीचं उलट, ती जरा जास्तच हळवी.

आता धोका या शब्दाबद्दल, कारण तुमचा प्रश्नच 'आजारी पडणार का' असा आहे. समजा शंभर गायी तपासल्या, तीस रेघेच्या वर निघाल्या आणि सत्तर खाली. वरच्या तीसपैकी सहा जणींचं चौथं पोट सरकलं, खालच्या सत्तरपैकी दोघींचं. हिशेबासाठी घेतलेले आकडे आहेत हे, पण चित्र साधारण असंच असतं. वरच्या गटात धोका सातपट झाला. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्याच तीसपैकी चोवीस जणींना काहीच झालं नाही, आणि आकडा चांगला असूनही दोघी गेल्याच. म्हणून एका गायीचं भविष्य सांगायला हे आकडे कमकुवत आणि गटाचं सांगायला दणकट. ही दृष्टी नवी नाही. १९७० साली इंग्लंडमध्ये कॉम्प्टन इथे पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठ्यासाठी रक्तचाचणीची जी पद्धत मांडली, तिच्यातही जास्त दुधाच्या, मध्यम दुधाच्या आणि भाकड अशा तीन गटांतून सात-सात गायी घेतल्या होत्या. उद्देश गटाचं खाणंपिणं तपासण्याचा होता.

गटासाठी वाचताना सरासरी काढू नका. नेफा आणि बीएचबीत सरासरी फसवते. दहा गायी ०.५ वर आणि दोन ३ वर असतील तर सरासरी एकच्या खाली येते आणि सगळं आलबेल दिसतं. बारापैकी किती गायी रेघेवर गेल्या तेच मोजा. एखादी गेली तर ठीक, दोन गेल्या तर डोळे उघडे ठेवा, तीन किंवा जास्त गेल्या तर गोठ्याच्या व्यवस्थेतच काहीतरी बिघडलंय. तुमच्याकडे महिन्याला पाचेक गायी व्यायणार, तेव्हा बाराचा आकडा एका दिवसात होणार नाही. दोन-अडीच महिने, प्रत्येकीचं ठरलेल्या दिवशी, वहीत लिहीत जा. नेफासाठीचं सीरम गोठवून ठेवता येतं, साचलं की एकदम पाठवा.

आणखी एक वाद इथे सांगितला पाहिजे, कारण औषधाचा निर्णय त्यावर ठरतो. वाढलेलं नेफा, वाढलेलं बीएचबी आणि उतरलेलं कॅल्शियम यांना आपण वर्षानुवर्षं आजारांचं कारण मानत आलो. २०२१ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाच्या बॉमगार्ड आणि सहकाऱ्यांनी या समजुतीची कडक तपासणी करून म्हटलं की बऱ्याच वेळा गोष्ट उलटी असते. गर्भाशयातली, कासेतली किंवा आतड्यातली सूज आधी येते. प्रतिकारशक्ती जागी झाली की तीच ग्लुकोज ओरपते, भूक मारते, कॅल्शियम उतरवते. रक्तातले आकडे हा त्या सुजेचा परिणाम असतो. सगळेच जण हे पूर्ण मान्य करत नाहीत. माझं मत असं की दोन्ही प्रकारच्या गायी गोठ्यात असतात आणि त्या वेगळ्या ओळखणं हेच आपलं काम.

एकदा पाचव्या वेताची एक गाय दाखवायला आणली होती. व्यायल्याला सहा दिवस, बीएचबी २.१. आधी तीन दिवस तिला शिरेतून डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) आणि तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल (किटोसिसवर पाजायचं औषध) चालू होतं, आकडा थोडा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. तिचा ताप कोणी घेतलाच नव्हता. थर्मामीटर लावला तर १०३.८. हातमोजा घालून तपासलं तर तांबूस, पातळ, सडक्या वासाचा स्राव. ती गर्भाशयाच्या दाहाची गाय होती, बीएचबी त्याची सावली. दाहावर इलाज सुरू झाला, तिसऱ्या दिवशी ती खायला लागली आणि बीएचबी आपोआप रेघेखाली आलं. तेव्हापासून माझा शिरस्ता आहे: बीएचबी वर आलं की यंत्र खाली ठेवून गाय तपासायची. ताप, योनीतला स्राव, चारही सडांची पहिली धार, डाव्या भकाळीवर मूठ दाबून दोन मिनिटांत कोठीपोटाच्या किती लाटा येतात ते, आणि शेवटच्या दोन बरगड्यांवर स्टेथोस्कोप लावून टिचकी मारायची. लाटा दोन-तीन असाव्यात. टिचकीला धातूच्या भांड्यासारखा टणत्कार आला तर पोट सरकलंय, मग ग्लायकॉलची चर्चाच संपली.

बाकीच्या तपासण्यांबद्दल फार लिहीत नाही. ग्लुकोजवर शरीर कडक पहारा ठेवतं, त्यामुळे ते सहसा शेवटी ढासळतं. आगाऊ सूचना म्हणून कामाचं नाही. एएसटी हे विकर (एन्झाइम) वाढलं की सगळे यकृत म्हणतात, पण बसून राहिलेल्या गायीच्या मांडीच्या स्नायूंतूनही ते वाढतं. कोलेस्टेरॉल व्यायच्या सुमाराला सगळ्यांचंच उतरतं. दोन-तीन आठवड्यांत चढलं नाही तर गाय पोटभर खात नाही हे नक्की. हॅप्टोग्लोबिन हे रक्तातलं प्रथिन सुजेचं चांगलं लक्षण, मिळत असेल तर करा, पण थर्मामीटर रोज मिळतो. मॅग्नेशियम मात्र विसरू नका. ते ०.८ मिलिमोलच्या खाली असेल तर शरीराचा कॅल्शियम आणण्याचा हुकूमच पाळला जात नाही, आणि वरून कितीही कॅल्शियम घातलं तरी गाडी पुढे सरकत नाही.

आता तुमच्या तिघी.

१७ नंबर, तिसरं वेत, रक्त व्यायल्यावर बारा तासांनी घेतलेलं, कॅल्शियम ७.६. कॅल्शियमचा तळ व्यायल्यावर बारा ते चोवीस तासांतच असतो, त्यामुळे हा आकडा तळाचाच आहे. तुम्ही लिहिता ती उभी आहे, खाते, कान गरम आहेत. तिला शिरेतून काही देऊ नका. मोठ्या वेताची, जास्त दुधाची गाय आहे म्हणून तोंडाने कॅल्शियमची गोळी व्यायल्यावर लगेच आणि पुन्हा बारा ते चोवीस तासांनी, एवढं योग्य होतं. पहिलारूंना हे सरसकट देऊ नका, त्यांना फायदा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा रक्त घ्या. ८.५ च्या वर आलं तर तिचा विषय संपला. खाली राहिलं तर ती का खात नाही, तिला कुठे सूज आहे, हे शोधायचं.

४२ नंबर, सहावा दिवस, १.७, कळपात सर्वात जास्त दूध. दूध छान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, सहावा दिवस हा लवकरचा आहे. वर सांगितलेली तपासणी करा. काही सापडलं नाही तर प्रोपिलीन ग्लायकॉल ३०० मिली, दिवसातून एकदा, तोंडाने, तीन ते पाच दिवस. थोडं थोडं, डोकं फार वर न उचलता पाजा, श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. पेंडेत मिसळू नका. पूर्ण मात्रा एकाच वेळेला पोटात गेली तरच इन्सुलिनला धक्का बसतो आणि चरबी विरघळणं थांबतं. शिरेतलं डेक्स्ट्रोज गाय सुस्त किंवा वेडीवाकडी वागत असेल तर एकदा ठीक, पण त्याचा असर काही तासांचाच आणि बराचसा भाग लघवीतून निघून जातो. रोज रोज बाटल्या चढवण्यात अर्थ नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन तर व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी टाळतो, प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते.

८ नंबर, ०.६२. तुम्ही लिहिलंय अपेक्षित तारखेच्या नऊ दिवस आधी रक्त घेतलं. ती प्रत्यक्ष व्यायते कधी, हे महत्त्वाचं. रक्त घेतल्यावर दोन दिवसांत व्यायली तर या आकड्याला किंमत नाही. खरोखर आठवडाभर आधीचा असेल तर चिंतेचा आहे, आणि अंगलोट (अंगावरच्या चरबीचे पाचपैकी गुण) चारच्या वर आहे असं तुम्हीच म्हणता. व्यायच्या वेळी गाय पाचपैकी तीन ते सव्वातीन अंगलोटीची हवी. पण आता, व्यायच्या तोंडावर, तिला बारीक करायला जाऊ नका. खाणं तोडलं की चरबी आणखी वेगाने सुटेल आणि यकृत बसेल. आता फक्त तिची भूक टिकवायची: ताजी वैरण दिवसातून तीन-चारदा पुढे ढकलायची, पाणी स्वच्छ, दाटी नको, जागा बदलायची नाही. व्यायल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि नवव्या दिवशी बीएचबी बघा. यकृताकडून चरबी बाहेर पाठवायला मदत म्हणून कोठीपोटात न विरघळणारं कोलीन देता येतं, पण त्याचा फायदा व्यायच्या तीन आठवडे आधीपासून दिलं तर, म्हणजे पुढच्या गायींसाठी.

तिघींपेक्षा मला काळजी वाटते ती गोठ्याच्या मांडणीची. ८ नंबर इतकी जाड झाली ती आटवल्यावर दोन महिने दुभत्या गायींचा उरलेला खुराक खाऊन. भाकड काळात ऊर्जा बेताची आणि पोट भरेल इतकं भरड तंतुमय हवं, म्हणजे गाय भरपूर खाईल पण फुगणार नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमसाठी ऋणभारी क्षार (अ‍ॅनायॉनिक सॉल्ट) देत असाल तर लघवीचा सामू (पीएच) मोजा. ६ ते ६.८ च्या दरम्यान हवा. सगळ्यांचा ८ म्हणजे क्षार पोटात जातच नाहीत, आणि एकीचा ५.५ तर दुसरीचा ७.८ म्हणजे मिसळण नीट नाही. गव्हाणीवर दर गायीला पाऊण मीटर जागा द्या. पहिलारूंना जुन्या गायींबरोबर कोंडू नका. त्या मागे उभ्या राहतात आणि चारा संपल्यावर पुढे येतात. पहाटे वैरण टाकताना पाच मिनिटं तिथे नुसते उभे राहा. कोण पुढे येत नाही, कोण तोंड लावून मागे सरते, ते रक्ताच्या एक-दोन दिवस आधी कळतं.

पुढच्या नळ्या पाठवताना प्रत्येकीवर गायीचा नंबर, वेत, व्यायची खरी तारीख आणि रक्त घेतल्याची वेळ लिहा. १७ चा चौथ्या दिवसाचा आणि ८ चा तिसऱ्या दिवसाचा आकडा आला की कळवा. आणि ४२ चा ताप आजच घ्या.